यंत्राची झूल

साखरा,
२८ ऑक्टोबर २०२३

देविदासमामा,
पाया पडते. तुम्ही लहानपणी घालून दिलेल्या पद्धतीनेच लिहिते आहे. आधी कामाचं, मग रेघ, मग घरचं.

साखऱ्याच्या केंद्राची खोली आता माझ्या ताब्यात आहे. आत ब्रॉडबँडचं जुनं चेसिस आहे. लोखंडी मांडणीत बसवलेली पेटी आणि तिच्यात उभ्या कार्डांची घरं, तुम्ही मला पाटीवर काढून दाखवायचात अगदी तशीच. कडेच्या कार्डांतून फायबर निघते, गावागावांतून फिरते आणि सगळ्यात शेवटी आपल्या तांड्याला येते. मधे मुख्य कार्डाची दोन घरं आहेत, एक चालू आणि एक राखीव. राखीवचं घर रिकामं आहे. हिंगोलीचे आमचे इंजिनिअर विश्वजीत साहेब म्हणाले, "ते कार्ड सेनगावच्या पेटीला लावलंय. तिथं गिऱ्हाईक जास्त."

मी विचारलं, "सर, हे एकटं गेलं तर?"

"तर साखरा गेलं. हे मॉडेल आता बनत नाही. कंपनी नवी पेटी देणार नाही, केंद्र उचलेल." साहेब माणूस वाईट नाही. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं.

पेटीच्या समोर खालच्या अंगाला जाळी आहे आणि जाळीमागे धूळ अडवणारा स्पंज. वर पंख्यांचा ट्रे. सगळे पंखे फिरतात. मुख्य कार्डाचा दिवा हिरवा आहे. रिकाम्या घरांवर पत्र्याच्या पट्ट्या नाहीत, आतलं सगळं दिसतं. खोलीतला एसी बंद आहे आणि तो दुरुस्त होईल असं कोणी म्हणत नाही. मी काय काय सांभाळायचं ते कळवा. मला रोज वाटतं की माझं काहीतरी बघायचं राहून गेलंय. कुलूप लावून घरी निघते आणि अर्ध्या वाटेतून परत येते.

————

घरी सगळे बरे. माझ्या याडीचे गुडघे दुखतात. भाऊ थावरा मस्कतला कामावर आहे आणि त्याला सुट्टी शुक्रवारची. तांडा खोलगट जागेत असल्यामुळे मोबाईल लागत नाही, पण मला कामावर घेतलं तेव्हा घरात जोडणी दिली, त्यामुळे याडी दर शुक्रवारी त्याचं तोंड बघते. नुसती बघते आणि म्हणते, "जरा उजेडात हो रे." तो परत कधी येणार हे त्यालाही माहीत नाही. त्याचा पासपोर्ट ठेकेदाराकडे आहे.

तुमची,
शितल


वारंगा फाटा,
९ नोव्हेंबर २०२३

चि. शितल,
तुझं पत्र आलं. बराबर बघितलंस. फोनवर मला आता काही ऐकू येत न्हाई. जन्म टेलिफोन एक्स्चेंजच्या जनरेटरच्या खोलीत काढला, त्याचा हिशेब कान देऊन राहिले. म्हणून लिहीतच जा. पेटीच्या दिव्यासमोर उभी राहा, बघ, मग लिही.

पहिलं काम, रिकामी घरं झाक. हवा आळशी असते. तिला उघडं घर सापडलं की तिथूनच पळते, कार्डांपर्यंत जातच न्हाई. पट्टी नसेल तर पत्रा कापून लाव, कडा दुमडून घे. दुसरं, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याबिगर कार्डाला हात लावायचा न्हाई, साहेबानं सांगितलं तरी न्हाई. तिसरं, धूळ. सोयाबीनची मळणी चालू असंल तिकडं. ती बारीक धूळ कार्डावर बसली की कार्ड आतून शिजतं. धुळीला आत येऊ देऊ नको.

माझ्या ओळी वाकड्या आल्या तर हसू नको. टायरच्या दुकानातलं टेबल हलतं. तुझी याडी, माझी बहीण जिवन कशी आहे?

मामा


साखरा,
२६ नोव्हेंबर २०२३

देविदासमामा,
पाया पडते.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्ट्या केल्या, कडा दुमडल्या आणि रिकाम्या घरांवर बसवल्या. कार्डं लगेच थंड झाली, हाताला कळण्याइतकी. विश्वजीत साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, "हे कोणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्या लोकांना यंत्र समजायचं. आम्हाला नुसतं तक्रारीचं तिकीट बंद करणं समजतं."

स्पंज धुतला, सावलीत वाळवला आणि परत बसवला. खोलीच्या मागेच मळणीयंत्र आहे. खिडकीच्या फटींना कागद चिकटवला, तरी धूळ येते.

————

याडी एकदा केंद्रावर आली. तिला बघायचं होतं की थावराचं तोंड येतं कुठून. पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली. दिवे लुकलुकताना बघून मला म्हणाली, "हे आपल्या तांड्याच्या पुढं चालणाऱ्या बैलासारखं दिसतंय. सगळ्यांचं ओझं याच्यावर. आन् याला उघडं ठेवलंय व्हय तुमी?" मी हसले. ती हसली नाही. घरी येऊन तिने झूल शिवायला घेतली आहे. आरसे, कवड्या, लाल-पिवळा दोरा, सगळं तिच्या लग्नातल्या घागऱ्याचं. आजोबांच्या बैलाला अशीच होती म्हणते. मी नको म्हणाले नाही. गुडघे धरून बसलेली ती पहिल्यांदाच दिवसभर काहीतरी करते आहे. तूर्त जेवढी झाली तेवढी झूल पेटीच्या वरच्या कडेला तोरणासारखी बांधली आहे. चालेल ना?

तुमची,
शितल


वारंगा फाटा,
१४ डिसेंबर २०२३

चि. शितल,
पट्ट्या बसल्या, चांगलं केलंस. साहेब काय म्हणतो ते सोड, पंखा काय म्हणतो ते ऐक. पंख्याचा आवाज बदलला की समज काहीतरी बिघडून राहिलं. थंडीचे दिवस आहेत, आता पेटी खूश राहील. परीक्षा उन्हाळ्यात.

विजेच्या दोन वाटा असतात पेटीला. दोन्ही जोडलेल्या आहेत का बघ.

जिवन कशी आहे? तिला म्हणावं, हिंडत फिरत राहा.

मामा


साखरा,
१८ जानेवारी २०२४

देविदासमामा,
पाया पडते.

विजेची एकच वाट जोडलेली होती. साहेबांकडून दुसरी जोडून घेतली. यात त्यांचे दोन फेरे झाले आणि दोन्ही वेळा मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "शितल, तू माफी मागत जाऊ नकोस. मलाच मागावीशी वाटते." मुख्य कार्ड हिरवं. पंखे सावकाश आणि एकसारखे. स्पंज महिन्याला धुते. राखीव कार्ड परत द्याल का, असं मी साहेबांना विचारलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "ते काढलं तर सेनगाव पडेल. कोणाला पाडू, सांग."

————

याडीने झूल खाली वाढवली आहे. आता ती समोरच्या जाळीवरूनही येते. आतून जुन्या लुगड्याचे दोन पदर लावलेत, धूळ बसू नये म्हणून. खरंच धूळ कमी झाली. स्पंज धुताना पाणी पूर्वीइतकं काळं निघत नाही. पण मामा, जाळी झाकली गेली आहे हे मला खटकतं. मी हात लावून बघते. हवा आत जाते, कार्डं थंड आहेत. तरी तुम्हाला विचारते. मागच्या वेळी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही त्यावर काही लिहिलं नाही, म्हणजे चालतंय असं मी धरलं. चालत नसेल तर एक ओळ लिहा, त्याच दिवशी काढते. याडीला वाईट वाटेल, पण काढते.

थावराचा मुक्काम आणखी एका वर्षाने वाढला. त्याने मागितला नव्हता, ठेकेदाराने वाढवला. याडीला अजून माहीत नाही. ती शुक्रवारी बघते, म्हणते, "वाळलास रे." तो म्हणतो, "कॅमेरा तसा आहे."

तुमची,
शितल


वारंगा फाटा,
२० फेब्रुवारी २०२४

चि. शितल,
दोन्ही वाटा जोडल्या, आता एक वाट गेली तरी फिकीर न्हाई. राखीव कार्ड मागू नको. मागून मिळायचं असतं तर नेलं कशाला असतं?

तू घाबरट आहेस, पण यंत्राजवळ घाबरट माणूसच चांगला. लहानपणी ऊसतोडीला सगळे गेले की तू माझ्याजवळ राहायचीस. वायरचे रंग शिकवता शिकवता अक्षरं शिकवली तुला. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी. तू चुकलीस की रडायचीस आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायचीस. मी रागवलो न्हाई कधी, तरी रडायचीस.

जिवन कशी आहे? काहीच लिहीत न्हाईस तिच्याबद्दल.

मामा


साखरा,
२७ मार्च २०२४

देविदासमामा,
पाया पडते.

पंख्यांचा आवाज बदलला आहे. दुपारी सगळे एकदम जोरात फिरतात, कण्हल्यासारखे, आणि संध्याकाळीही पहिल्यासारखे सावकाश होत नाहीत. मुख्य कार्डाचा दिवा दुपारी नारंगी होतो. स्पंज नवा आणून लावला. रिकाम्या घरांच्या पट्ट्या नीट बसल्या आहेत. ट्रेमधला एकही पंखा बंद नाही. विश्वजीत साहेबांना कळवलं, त्यांच्याकडेही तापमानाचा इशारा गेला होता. ते म्हणाले, "दार उघडं ठेव. टेबलफॅन लाव. माझ्याकडे सध्या याहून जास्त काही नाही." दार उघडं ठेवते.

माझं काय चुकतंय ते मला कळत नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून करून बघितलं.

————

याडीबद्दल मी प्रत्येक पत्रात लिहिते मामा, तरी तुम्ही विचारता. बहुतेक तुम्हाला आणखी सविस्तर हवं असेल. गुडघे तसेच आहेत. तिला थावराच्या वाढलेल्या वर्षाचं कळलं. रडली नाही. "तोंड दिसतंय ना, मग बास," म्हणाली.

दार उघडं ठेवल्यापासून वावटळ आत येते, म्हणून याडीने झुलीला खाली नाड्या लावल्या आणि मांडणीच्या पायांना बांधल्या. मी सोडल्या होत्या. तिने परत बांधल्या. म्हणाली, "तुझा मामा धुळीला आत येऊ देऊ नको म्हणला ना?" तुम्ही तसं लिहिलं होतंच. तिसऱ्यांदा विचारते, राग मानू नका. झूल ठेवू का?

तुमची,
शितल


वारंगा फाटा,
१७ एप्रिल २०२४

चि. शितल,
उत्तराला वेळ लागला. जरा तब्येत बरी नव्हती.

तुझ्या पत्रावर विचार करून राहिलो. स्पंज नवा, पट्ट्या बराबर, पंखे चालू, आणि तरी पेटी तापते. म्हणजे हवा निघते पण येत न्हाई. मी एकच गोष्ट विचारायची सोडली, कारण तुझ्यासारखीला ती विचारायची म्हणजे तुझा अपमान. समोरच्या जाळीपुढं काही ठेवलेलं न्हाई ना? खोकं, खुर्ची, पिशवी, कपडा. वीतभर जागा मोकळी पाहिजे. तू ठेवणार न्हाईस. तरी पत्र मिळाल्याबरोबर जाऊन बघ.

जिवनला सांभाळ.

मामा


साखरा,
१९ एप्रिल २०२४

देविदासमामा,
आज शुक्रवार. दुपारी मुख्य कार्ड गेलं. आधी दिवा लाल झाला, मग विझला. पंखे नंतरही बराच वेळ फिरत होते.

साहेब आले. दुसरं कार्ड नाही. ते बाहेर पायरीवर बसले आणि फोनवर कोणाशी तरी भांडले. मग मला म्हणाले, "मी मागितलं. ते नाही म्हणाले."

आज एवढंच लिहिता येतं.

————

याडी थावराशी बोलत होती. त्याचं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि चित्र तिथेच थांबलं. ती मोबाईल हलवत होती. "बोल की रे," म्हणत होती.

शितल


वारंगा फाटा,
३० एप्रिल २०२४

शितलताई,
मी पुजा लिहिते, तुमच्या मामांची सून. हे पत्र बाबांना न सांगता लिहिते.

तुमचं पत्र आलं तेव्हा बाबांनी विचारलं, "जाळीचं काय म्हणते?" त्याचं उत्तर पत्रात नव्हतं, तुमची आणि त्यांची पत्रं वाटेत चुकली असतील. मग मी तुमची जुनी सगळी पत्रं काढून पहिल्यांदा पूर्ण वाचली. ताई, पहिल्यांदा.

बाबांना दिवाळीच्या आधीपासून दिसत नाही. काचबिंदू. उजेड-अंधार तेवढा कळतो. तुम्हाला कळवू नका म्हणाले, नाहीतर तुम्ही विचारणं बंद कराल. स्वतः लिहायचे, ओळीखाली पट्टी धरून. तुमची पत्रं मी वाचून दाखवायची. पण त्यांना कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागतं, आणि आम्ही बसतो टायरच्या दुकानात. ट्रकवाले, जीपवाले सगळे ऐकतात. मी रेघेपर्यंत वाचायची आणि थांबायची. तुमच्या घरचं सगळ्या फाट्याला काहून ऐकवायचं? घरी गेल्यावर वाचीन, असं मनाशी म्हणायची. घरी गेल्यावर बाबा म्हणायचे, "कामाचं कळलं, बास. घरचं पोरगी काही लिहीत न्हाई." आणि मी पण दमलेली असायची.

झुलीचं सगळं रेघेखाली होतं.

बाबा चार दिवस जेवले नाहीत धड. सारखे म्हणतात, "माझं निदान कुठं चुकलं?" मी सांगू का त्यांना? तुम्ही म्हणाल तसं करते. मला काही समजत नाही.

पुजा


साखरा,
९ जून २०२४

देविदासमामा,
पाया पडते.

तुमचं निदान चुकलं नाही. जाळीसमोर कापड होतं. मी राहू दिलं होतं. थंडीत काही बिघडलं नाही म्हणून मला समजलं नाही. तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी कापड सोडलं, पण तेव्हा पेटी बंद होती. कंपनीला अहवालात मी लिहिलं की हवेचा मार्ग माझ्यामुळे अडला. साहेब म्हणाले, "हे लिहू नको, वयामुळे बंद पडली असं लिही, कोणी विचारणार नाही." मी खोडलं नाही. त्याने कोणाचंच काही बदललं नाही. केंद्र उचलायचं आधीच ठरलं होतं, ते उचललं. माझं काम संपलं. दुसऱ्या केंद्रावर मला घेणार नाहीत, आणि मला वाटतं ते बरोबर आहे.

तुम्ही जेवत जा. वायरचे रंग मला अजून पाठ आहेत.

————

पुजावहिनी,
इथून खालचं त्यांना वाचून दाखवू नका. नेहमीसारखंच रेघेवर थांबा.

तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही माझ्या घराची अब्रू राखलीत. मीच झुलीला घरचं समजले. ती कामाचीही आहे हे मला तेव्हा दिसलं नाही. मामांना कापड कोणी शिवलं ते सांगू नका, मी किती वेळा विचारलं तेही सांगू नका. नाहीतर ते स्वतःच्या डोळ्यांना दोष देतील, आणि मग तुम्हाला.

याडीला मी काहीच सांगितलेलं नाही. तांड्यातल्या मंजुळाबाई तिला म्हणाल्या, "बंद पडलं ना गं तुझं यंत्र, एवढी झूल घालून?" याडी म्हणाली, "माझ्या झुलीनं एवढे महिने तरी राखलं. न्हाईतर कवाच गेलं असतं." मी तिथेच भाकरी थापत होते. परात उचलून आत गेले.

आता ती माळावर जाते. वर गेलं की थावराचा आवाज येतो, तोंड येत नाही. गुडघ्यांमुळे दर शुक्रवारी जमत नाही. आवाज ऐकून खाली आली की म्हणते, "कोणी पण बोलू शकतं असं." थावराचाच आहे यावर तिचा विश्वास बसत नाही. मी शपथ घेतली तरी बसत नाही.

काल पेटी न्यायला पिकअप आली. साहेबांनी कार्डं काढून वेगळी बांधली, रिकामी पेटी दोघांनी उचलून मागे ठेवली. याडी झूल घेऊन आली होती. धुऊन, निसटलेल्या कवड्या पुन्हा शिवून. म्हणाली, "आपल्या बैलाला असं उघडं पाठवायचं न्हाई." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझा अहवाल वाचलेला आहे, वहिनी. त्यांना सगळं माहीत होतं. ते गाडीतून उतरले आणि याडीला चढता यावं म्हणून त्यांनी हात दिला.

तिने झूल घातली, खाली ओढली आणि नाड्या बांधल्या, जशा खोलीत बांधायची तशाच. जाळी पूर्ण झाकली गेली. आत एकही कार्ड नव्हतं, वीज नव्हती, पंखे नव्हते. तरी माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी जाळीवरचा काठ वर उचलला.

"काय करून राहिली?" याडी म्हणाली. "धूळ जाईल की आत."

मी सोडला.

शितल